पुराव्याचा डबा

३ मार्च, रविवार

गाडी आली. साडू स्वतः चालवत घेऊन आले. चेहऱ्यावर नेहमीचं गोड हसू. यापुढे या रोजनिशीत त्यांचा उल्लेख ‘महाशय’ असा करीन. नाव लिहून शाई फुकट घालवायची नाही.

मूळ गाडी सासरेबुवांची. त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला तेव्हा दोन जावयांपैकी ती कुणाला द्यायची हा प्रश्न निघाला होता. मी त्या दिवशी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. गाडी महाशयांना मिळाली. थोरल्यांचा हात हलका आहे, असं सासरेबुवा म्हणाले. माझा हात जड आहे हे त्यांना कुणी सांगितलं, याचा तपास अजून चालू आहे.

आता महाशय फ्लॅटमध्ये राहायला गेले, तिथे पार्किंग एकाच गाडीचं, तेही त्यांच्या नव्या गाडीसाठी, म्हणून आमच्या पत्र्याच्या शेडची आठवण झाली. जाताना म्हणाले की साडूभाऊ, गाडी आहे तशी चालते, फार उघडू नका.

का उघडू नका? ज्याच्या मनात पाप नाही तो असं बोलत नाही. उद्याच उघडतो.

५ मार्च, मंगळवार

काल पाठ धरली. आज उघडली.

मागचं उजवं चाक काढलं आणि हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. शॉकॲब्सॉर्बरच्या टोकाला जिथे रबरी बुश पाहिजे, तिथे चपलेचे कापून घातलेले तुकडे! एका तुकड्यावर अंगठ्याचा खळगा स्पष्ट ओळखू येतो. एवढी वर्षं माझ्या सासऱ्यांची गाडी या माणसाने चपलेवर चालवली.

मी आयुष्य पंपाच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढलं. माझ्या नजरेतून नट सुटला नाही. निरोपाच्या दिवशी टेबलाच्या खणात उरलेला लाल ‘नापास’ स्टिकरांचा रोल माझ्याबरोबर घरी आला, तो कशासाठी आला हे आज कळलं. (हिरवी ‘पास’ स्टिकरं मी फारशी मागवतच नव्हतो.)

चपलेला स्टिकर लावलं. पुरावा क्रमांक एक. फार दिवसांनी गाढ झोप लागणार.

९ मार्च, शनिवार

पुरावे नुसते ओसंडून वाहताहेत. मागच्या पाट्यातलं, म्हणजे चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगमधलं, एक पान मोडलेलं, ते तारेने आवळून बांधलंय. चाकाच्या नटात स्प्लिट पिनऐवजी वाकवलेला खिळा. ब्रेकच्या पेडलला दाराची स्प्रिंग, म्हणजे आपोआप बंद होणाऱ्या दाराला असते ती. पुढच्या ब्रेकच्या रबरी पाइपवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. ब्रेक शू झिजले म्हणून त्यांच्यामागे पत्र्याचे तुकडे सारलेले. ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरं तर बोटाला शाई लावतात.

प्रत्येकावर स्टिकर. रबरं आणि पाइप तेवढे नवे बसेपर्यंत गाडीवरच ठेवले, बाकी सगळं हिच्या शिवणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. शिवणाचं सामान पिशवीत काढलं. हिने विचारलं की डबा किती दिवस लागेल. मी म्हटलं, न्याय मिळेपर्यंत. ती म्हणाली की तिला बुधवारपर्यंत हवाय.

१४ मार्च, गुरुवार

योजना तयार. इतकी सुंदर योजना आहे की मलाच माझी भीती वाटली.

१२ मे रोजी सासरेबुवांचा वाढदिवस. सगळे जमणार, बाहेर जेवायला जाणार. सासरेबुवांनी काल हिला फोनवर सांगितलं की हॉटेलला जाईन तर माझ्या गाडीतून, पुढच्या सीटवर बसून. दुसरं काही नको म्हणाले. त्यांना आता फारसं दिसत नाही, पण गाडी कानाने कळते, असं त्यांचं म्हणणं.

तर त्या दिवशी मी गाडी घेऊन जाणार. ब्रेक आणि सस्पेन्शन शंभर टक्के नवं, नियमाप्रमाणे. सासरेबुवांच्या अंगणात टेबल. टेबलावर पांढरी चादर. चादरीवर सगळे पुरावे, क्रमवार. सगळे गोल करून उभे. मी दोन शब्द बोलणार. सुरुवात अशी: ‘मी इथे कुणाचंही नाव घेणार नाही.’ असं म्हणून महाशयांकडे बघायचं. बघण्याचा आरशासमोर सराव केला, जमतंय.

हिने एकच अट घातली. बाबांना बसवायचं असेल तर गाडी थांबली पाहिजे. तुमच्या भांडणात माझ्या बापाची हाडं नकोत, असं म्हणाली. अपमान गिळला. हिचा बाप म्हणजे माझा सासरा, मला काळजी नाही का?

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून शेडमध्ये.

१५ मार्च, शुक्रवार

उठलो नाही. काल सरावाने मान अवघडली.

२२ मार्च, शुक्रवार

महाशयांचा फोन. गाडी कशी आहे, काही अडलं तर त्यांच्या ओळखीचा मेकॅनिक पाठवू का. आवाजात मध. याला म्हणतात गुप्तहेर पाठवणं. मी म्हटलं की मेकॅनिकची गरज ज्यांना असते त्यांना असते. ते बरं म्हणाले. टोमणा बहुतेक कळला नाही. १२ मे रोजी कळेल.

३० मार्च, शनिवार

पार्टच्या दुकानात गेलो. पाटे, ब्रेक शू, बुश, रबरी पाइप, रबरं, स्प्लिट पिना, हँडब्रेकची केबल, सगळं नवं.

नवे पाटे तिथेच काउंटरवर तपासले. एका पानाच्या कडेला किंचित बुरशी उठली होती. लोखंडाची बुरशी, म्हणजे गंज. नखाने निघाला, पण निघाला याचा अर्थ होता. स्टिकर लावलं. दुसऱ्या पाट्यालाही लावलं, जोडीने आले होते म्हणून. दुकानदाराने स्टिकर काढायचा प्रयत्न केला. आमच्या खात्याची स्टिकरं निघत नाहीत, याचा मला कायम अभिमान वाटत आलाय.

दुकानदार म्हणाला की पाटे आता दुसऱ्या दुकानात बघा, आणि शक्यतो दुसऱ्या गावात. याचंही नाव लक्षात ठेवलं. महाशयांचं झालं की याचा नंबर.

पाटे उद्या-परवा दुसरीकडून आणीन. बाकी सामान घरी आलं. घरी आल्यावर लगेच काम सुरू करणार होतो, पण आधी भाषणाचा पहिला मसुदा पूर्ण केला. रोजनिशीच्या मागच्या पानांवर लिहिलाय. चार पानं झाली.

६ एप्रिल, शनिवार

नवे ब्रेक शू बसवायला घेतले. दिसायला फारच मळखाऊ. सगळे वाकून बघणार, मागे महाशयांचा गंज आणि पुढे माझं हे, फरक डोळ्यांत भरला पाहिजे. म्हणून चंदेरी रंगाचे दोन हात दिले. आतून, बाहेरून, कड न सोडता. आरशासारखे लखलखताहेत. हिला बोलावून दाखवले. तिने विचारलं की जो भाग ड्रमला घासतो त्यालाही रंग दिलाय का. मी म्हटलं, मी अर्धवट कामं करत नाही.

१३ एप्रिल, शनिवार

गाडी शेडमधून बाहेर काढली. पहिल्या गियरमध्ये, अगदी सावकाश. ब्रेक दाबला.

हिच्या सहा कुंड्या गेल्या. सातवीने गाडी थांबवली.

हिने कुंड्यांचे तुकडे मोजले. झाडू आणून माझ्या हातात दिला.

१४ एप्रिल, रविवार

दोष ड्रमचा असणार. महाशयांनी इतकी वर्षं भलतेसलते शू वापरून ड्रमला वाईट सवय लावून ठेवलीय.

रंग खरवडून काढला. रंगाबरोबर घासणाऱ्या थराचे, म्हणजे लायनरचे, पोपडेही आले. नवे शू मागवलेत, पण ज्याच्याकडे मिळतात तो दुकानदार आता माझा फोन उचलत नाही. दुसरीकडे चौकशी चालू आहे. तोपर्यंत, निव्वळ गाडी शेडमध्ये ढकलण्यापुरते, पुरावा क्रमांक सहामधले जुने शू पत्र्यासकट परत बसवले. तात्पुरते. स्टिकर निघत नाही, राहू दे. उलट बरंच, विसरायला नको.

ढकलताना सहज ब्रेक दाबून बघितला. लागला. हा योगायोग आहे.

२० एप्रिल, शनिवार

महाशयांचा फोन. वाढदिवसाला सासरेबुवा फारच उत्सुक आहेत म्हणाले, रोज विचारतात की गाडी चालते का. मी म्हटलं की चालते काय, तुम्ही ओळखणार नाही. ते हसले. हसून घ्या.

आज बुश. नवे रबरी बुश भोकात जाईनात. भोक महाशयांच्या चपलेमुळे बिघडलंय हे उघड आहे. बुश सुरीने किंचित छाटले. तरी जाईनात. आणखी किंचित छाटले. चौथ्या खेपेला सुरेख गेले. इतके सुरेख की बोट लावलं की पलीकडून बाहेर पडतात.

चप्पल परत घातली. तात्पुरती.

चप्पल घट्ट बसते हे मान्य करायला हवं. मी प्रामाणिक परीक्षक आहे. पण घट्ट बसणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. हे वाक्य भाषणात घालणे.

२७ एप्रिल, शनिवार

काळा दिवस. आज जे झालं त्याला मी जबाबदार नाही, ज्याने दोन डब्यांना सारखी झाकणं दिली तो कारखाना जबाबदार आहे.

नवी रबरं आणि नवा पाइप परवाच बसवले होते. काम अगदी पुस्तकात छापावं असं. आज ब्रेक ऑइल ओतलं. दुपारी पेडल दगडासारखं. उघडून बघतो तर रबरं फुगून भजी झालेली. पाइपही आतून सुजलेला. डब्यावरचं लेबल चष्मा लावून वाचलं, तर इंजिन ऑइल. ब्रेक ऑइलचा डबा शेजारी न उघडलेला, शहाण्यासारखा बसला होता.

सगळं धुवून काढलं. संध्याकाळपर्यंत हात सोलवटले. जुनी रबरं, जुना पाइप, सायकलच्या ट्यूबची पट्टी. तात्पुरतं.

खिळाही आजच जागेवर परत गेला. नव्या स्प्लिट पिना मी हरवू नयेत म्हणून अत्यंत सुरक्षित जागी ठेवल्या आहेत. ती जागा आठवत नाही.

४ मे, शनिवार

पाट्यासाठी तीन दुकानं पालथी घातली. तिन्ही ठिकाणी मी आत शिरताच माल संपल्याचं कळलं. दुकानदारांची आपसात संघटना असते म्हणतात.

मोडकं पान तारेने बांधलं. तार मात्र नवी आहे. हे लिहून ठेवतो, कारण पुढेमागे कोणी म्हणेल की मी काहीच नवं घातलं नाही.

पेडलची नवी स्प्रिंग लावताना हातातून सुटली, शेडच्या पत्र्यावर आपटून टण्ण झाली आणि नाहीशी झाली. दाराची स्प्रिंग लावली.

६ मे, सोमवार

विजय.

हँडब्रेकची नवी केबल बसवली. नवी, मूळ मापाची. जुन्या केबलला कुणीतरी मधेच गाठ मारली होती, ती नियमात बसत नाही. मी गाठ न मारता, माझ्या हाताने, पहिल्या प्रयत्नात. ओढला की काय बसतो! हिला बोलावून ओढून दाखवला. शेडमधली जमीन सपाट असल्यामुळे गाडी तशीही हलली नसती, असं ती म्हणाली. माणसाला दाद देणं जिवावर येतं त्याला काय करणार.

संपूर्ण गाडीखाली या एकाच कामावर लाल स्टिकर नाही. भाषणाचा शेवट यावरच करायचा.

१० मे, शुक्रवार

हिला गाडीत बसवून गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. तीनदा ब्रेक लावून दाखवला. तीनदा गाडी थांबली. खड्ड्यातूनही नेली, कण्हली पण गेली. हिने दाराची मूठ सोडली. मग म्हणाली की ठीक, बाबांना बसवा. माझ्या छातीवरचा दगड उतरला.

मग तिने विचारलं की गाडी महाशयांनी आणली तेव्हा अगदी अशीच चालत होती ना, मग दोन महिने तुम्ही केलंत काय. काम केलं, असं सांगितलं.

११ मे, शनिवार

उद्याची तयारी. पांढरी चादर काढली. डबा उघडला.

डब्यात जुन्या हँडब्रेक केबलचा एक तुकडा आणि एक वॉशर. वॉशर कुठला ते आठवत नाही, पण तो ठीक दिसतोय.

थोडा वेळ डब्याकडे बघत बसलो. ही आली, डबा हातात घेतला, हलवला, आणि रिकामा झालाच असेल तर नेते म्हणाली. बुधवारचं तिच्या अजून लक्षात होतं. त्यात परत रीळं आणि सुया भरल्या.

हरकत नाही. पुरावे टेबलावर नसले म्हणून गुन्हा घडला नाही असं होत नाही. पुरावे जागच्या जागी, गाडीखाली आहेत. हवं तर वाकून बघा म्हणेन. भाषण तोंडी करीन. चादर ठेवून दिली.

महाशयांचा फोन. उद्या सांभाळून या म्हणाले, बाबांच्या घरासमोर उतार आहे. मला उतार शिकवतात.

१२ मे, रविवार. सकाळी साडेअकरा. गाडीत.

पाय ब्रेकवर आहे आणि रोजनिशी स्टिअरिंगला टेकवली आहे, म्हणून अक्षर असं. भाषणासाठी बरोबर आणली होती, वेळ जावा म्हणून लिहितोय.

गाडी इथपर्यंत झकास आली. सासरेबुवा फाटकात काठी टेकून उभेच होते. मी हाक मारायच्या आत दार चाचपून पुढच्या सीटवर येऊन बसले आणि डॅशबोर्डवरून हात फिरवत राहिले. सगळे भोवती जमले. ही, हिची ताई, महाशय. अगदी योजनेप्रमाणे. मी ऐटीत हँडब्रेक ओढला.

तो हातात आला. म्हणजे दांडा आला आणि त्याच्यामागून केबल आली, बरीचशी.

गाडी मागे सरकू लागली. मी ब्रेक दाबला, चप्पल, खिळा, पत्रा सगळ्यांनी मिळून ती धरली. पाय उचलला की सरकते, गियरमध्ये टाकली तरी. महाशय वीट आणायला गेले. हिने बाबा उतरा म्हटलं, ते उतरेनात. इतक्या वर्षांनी बसलोय म्हणाले.

वाटलं, आता नाही तर कधीच नाही. बसल्या जागेवरून, काचेतून मान बाहेर काढून भाषण सुरू केलं. मी इथे कुणाचंही नाव घेणार नाही, असं म्हणून महाशयांकडे बघितलं. ते विटेवरची माती झटकत होते. मी चपलेवर आलो, खिळ्यावर आलो, दाराच्या स्प्रिंगवर आलो. हे पाप कोणी केलं, असा सवाल टाकला.

सासरेबुवांचा चेहरा उजळला. जावईबापू, तुम्ही ओळखलंत, असं म्हणाले. मग प्रत्येक गोष्ट त्यांनी कशी केली ते सांगायला लागले. चप्पल त्यांचीच, उजव्या पायाची. डावी अजून कपाटावर ठेवलीय, लागली तर घेऊन जा म्हणाले. स्प्रिंग न्हाणीघराच्या दाराची, त्यावरून सासूबाई वारेपर्यंत बोलत होत्या. थोरल्यांनी गाडी नेली तेव्हा त्यांच्याकडून शब्द घेतला होता की मी केलेलं काही मोडू नका. त्यांनी मोडलं नाही. तुम्ही मोडाल अशी धास्ती होती, पण गाडी येताना कान देऊन ऐकलं, आवाज तसूभर बदललेला नाही. तुम्हीही कशाला हात लावला नाहीत. असं म्हणून त्यांनी माझा खांदा थोपटला आणि डोळे पुसले. मी एवढी वर्षं या थोपटण्याची वाट बघत होतो.

ही माझ्याकडे बघत होती. मी समोर बघितलं.

एवढ्यात महाशय वीट लावायला गाडीखाली आडवे झाले आणि तिथेच राहिले. बराच वेळ. मग खालून आवाज आला, साडूभाऊ, ही लाल स्टिकरं कसली? सासरेबुवांनी विचारलं की कसली स्टिकरं, काय लिहिलंय, माझ्या कामावर कुणी काय लिहिलंय? मी काच वर करायला लागलो. महाशयांनी डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले की काही नाही बाबा, खाली अंधार आहे, वाचता येत नाही.

ऊन असं होतं की मुंगीची सावली दिसावी.

हिने बाबांना समजावून उतरवलं. बाबांना वाटतंय की गाडीचं पेट्रोल संपलं, तसं महाशयांनीच सांगितलं. सगळे महाशयांच्या गाडीतून जेवायला गेले, ताईंनी चालवली. महाशय मागे राहिले. शर्टाच्या पाठीला सगळं ऑइल लागलंय, इस्त्रीचा शर्ट. एका विटेवर गाडी थांबत नाही म्हणून ते दुसरी शोधायला गेलेत. जाताना म्हणाले की काही काळजी करू नका, कुणाला कळणार नाही.

हा अपमान मी विसरणार नाही. या माणसाला पुरता धडा शिकवल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही. फक्त तो वीट घेऊन आला पाहिजे, पाय भरून आलाय.